चौथ्या टाकीवरचा हिरवा दिवा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि काजवा चौथ्या टाकीच्या कठड्याला पोट टेकवून उभा होता. शेडमधले दिवे सहाला लागतात, पण एकदम नाही. अर्धा तास घेत हळूहळू चढतात. त्यामुळे या वेळी जेमतेम स्वतःचा हात दिसण्याइतका उजेड होता आणि तोही हिरवा. काजव्याने घमेल्यातलं मूठभर खाद्य पाण्यावर फेकलं आणि वाट पाहिली. तळाशी काहीतरी हललं. एक मासा वर आला, मागून पाच-सहा आले, आणि मग टाकीभर पाणी उसळलं. पहिली मूठ संपल्याशिवाय दुसरी टाकायची नाही, हा त्याचा नियम होता.

हे मासे चपटे. जन्मतात इतर माशांसारखेच, पण थोडे मोठे झाले की एका अंगावर आडवे होतात आणि खालच्या बाजूचा डोळा सरकत सरकत वरच्या बाजूला येतो. मग जन्मभर दोन्ही डोळे वर आणि पांढरीफटक बाजू जमिनीला. पंपावर काम करणारा भोंगा म्हणायचा, "हा मासा आपल्या साहेबाच्या कुळातला. वरचं सगळं दिसतं, पायाखाली काय जळतंय त्याचा पत्ता नाही." भोंग्याचा आवाज पंपाच्याही वर चढतो, म्हणून तो भोंगा. काजव्याचं नावही शेडमध्येच पडलेलं. दिवे लागण्याआधी तो कपाळाला छोटा हिरवा दिवा बांधून टाक्यांमधून फिरतो. दारातून पाहिलं तर तेवढा एक ठिपकाच हलताना दिसतो.

शेडमध्ये येण्यापूर्वी त्याने अर्धं आयुष्य एका फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुण्यात घालवलं. लोकांच्या हातात फोन आले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. साहेबाने, म्हणजे या शेडच्या व्यवस्थापकाने, त्याला कामावर घेताना एकच प्रश्न विचारला होता: अंधुक उजेडात दिवसभर उभं राहता येईल का? "आजवर दुसरं काय केलंय?" असं काजवा म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून आला.

तेव्हा टाक्यांवर पांढऱ्या ट्यूब होत्या. दार जरा जोरात उघडलं तरी मासे दचकून भिंतीवर आपटायचे आणि उरलेला वेळ तळाशी एकमेकांवर थप्पी लावल्यासारखे पडून राहायचे. एकदा दुकानदाराने चुकून लाल दिवे पाठवले. ते परत जाईपर्यंत माशांनी खाण्याकडे पाठ फिरवली. त्यानंतर हिरवे दिवे आले आणि शेडचं रूपच पालटलं. मासे तळ सोडून वर येऊ लागले, गोल गोल पोहू लागले, खाद्यावर तुटून पडू लागले. माशांची डॉक्टर महिन्याकाठी एक चक्कर मारते. तिला सगळे डॉक्टरबाई म्हणतात. तिने कारण सांगितलं ते सोपं होतं. समुद्रात थोडं खाली गेलं की लाल उजेड पाण्यातच विरतो, खोलवर पोचतो तो निळा-हिरवा. या माशांचे डोळे त्याच उजेडासाठी घडलेले आहेत. त्यांना पांढरा उजेड बोचतो, हिरव्यात ते घरी असल्यासारखे वागतात.

माणसांचं तसं नाही. दोन-तीन तास हिरव्या उजेडात काढून बाहेर आलं की काही मिनिटं सगळं गुलाबी दिसतं: भिंत, कागद, हाताची नखं. शेडमधल्या सगळ्यांना हा अनुभव आहे आणि आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. हिरव्या उजेडात लाल रंग लाल दिसत नाही, काळपट दिसतो. माशाच्या अंगावरची जखम आणि चिकटलेला गाळ यांच्यात फरक कळत नाही. म्हणून डॉक्टरबाईंनी नियम घालून दिला होता: दर आठवड्याला प्रत्येक टाकीतले चार-पाच मासे पांढऱ्या बादलीत घालून बाहेरच्या पॅसेजमध्ये न्यायचे आणि तिथल्या पांढऱ्या उजेडात उलटून त्यांची खालची बाजू पाहायची. त्याआधी पॅसेजमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं. समोरची भिंत पांढरी दिसू लागली की मग बादली बाहेर मागवायची.

नियम कुणी मोडला असं झालं नाही, तो झिजला. पांढऱ्या उजेडात नेऊन आणलेले मासे दिवसभर खात नसत. खाणं चुकलं की वजन चुकायचं. साहेब म्हणाला, "छान फिरताहेत, छान खाताहेत. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?" आठवड्याची तपासणी पंधरवड्यावर गेली, मग आठवण होईल तेव्हावर. खुर्चीवर भोंगा चहा पिऊ लागला. फिरणारा मासा म्हणजे बरा मासा, हे शेडमध्ये सगळ्यांनी धरून टाकलं. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी चौथ्या टाकीवर न्यायचा, कारण तिथले मासे सगळ्यांत जास्त फिरायचे. ती टाकी काजव्याची. नखाएवढी पिल्लं तिच्यात सोडल्यापासून दुसऱ्या कुणी तिला खाद्य घातलेलं नव्हतं.

भिंतीपलीकडे मासे कापण्याची खोली आहे. तिथे काजव्याची बायको सुरी चालवते. तिला सगळे वहिनी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठेसुद्धा. दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन पॅसेजमध्ये येते. त्या दिवशी डबा उघडायच्या आधीच ती म्हणाली, "अहो, काल चौथीतून जे मासे पाठवलेत, त्यातल्या तिघांच्या खालच्या अंगाला लाल चट्टे होते."

"जाळीनं खरचटलं असेल."

"जाळीचं खरचटणं मला शिकवू नका. ते लांबट उठतं. हे गोल होतं आणि आत शिरल्यासारखं."

"बरं, बघतो."

"बघतो म्हणजे आज. तुमच्या बघतोवर घरचा नळ वर्षभर गळतोय."

काजव्याने त्याच दुपारी पाहिलं. चौथीतून एक मासा काढला, बादलीत घातला, पॅसेजमध्ये आणला आणि उलटा केला. पोटाखाली दोन ठिकाणी गुलाबी डाग होते. पण बादलीही गुलाबी होती, फरशीही, आणि मासा धरलेली त्याची बोटंही. खुर्चीवर भोंगा पाय पसरून बसला होता. मासा तडफडत होता. त्याला फार वेळ उलटा धरता येत नाही. काजव्याने तो परत टाकीत सोडला. बाहेर आल्यावर गुलाबी दिसणं त्याला रोजचंच होतं.

संध्याकाळी घरी त्याने सांगितलं, "बघितलं. तसं काही नाही."

वहिनी ओट्यापाशी होती. मागे न वळता तिने विचारलं, "खुर्चीवर बसला होतात?"

"खुर्चीवर भोंगा होता."

"मग भोंग्यानं बघितलं म्हणा," असं म्हणून ती कामाला लागली.

पुढचे काही दिवस चौथी टाकी नेहमीपेक्षा जास्त जिवंत दिसत होती. खाद्य पडण्याआधीच मासे वर यायचे, पाण्याच्या वरच्या थरात गोल फिरायचे. काही जण तळाला अंग घासून एकदम वर उसळायचे. साहेबाने फोनवर त्याचं चित्रण केलं आणि मालकांना पाठवलं. काजव्याला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. पहिली मूठ संपत नव्हती.

"साहेब, वर येतात, पण खात नाहीत."

"पोट भरलं असेल. कालचं जास्त झालं असेल."

"पोट भरलेला मासा खाली बसतो."

"काजवा, फिरतायत तरी तक्रार, बसले तरी तक्रार. तुम्हाला नक्की काय हवंय?"

दुसऱ्या दिवशी पाणी बाहेर जातं तिथल्या जाळीला एक मेलेला मासा चिकटलेला सापडला. तो घेऊन काजवा पॅसेजमध्ये आला आणि भोंग्यासमोर उभा राहिला.

"ऊठ."

"अरे, मेलेल्याला कसली घाई? चहा तर संपू दे."

"मला बसायचंय. ऊठ."

भोंगा उठला. काजवा खुर्चीवर बसला, मासा मांडीवरच्या बादलीत, पालथा. भिंत गुलाबी होती. ती हळूहळू फिकट होत गेली, मग पिवळट, मग जशी होती तशी, चुन्याची पांढरी. तेव्हा त्याने मासा उलटला. डाग गुलाबी नव्हते, लाल होते. मध्ये खड्डा होता, कडा उललेल्या होत्या आणि आतलं मांस दिसत होतं. भोंग्याने वाकून पाहिलं आणि हातातला चहा फरशीवर ओतून टाकला.

डॉक्टरबाई त्याच दिवशी आल्या. त्यांनी जखमेच्या कडेचं थोडं खरवडून काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शक पॅसेजमधल्या टेबलावर लावला आणि आधी स्वतः पाहून मग काजव्याला बोलावलं. त्याला काचेखाली तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी दिसलं. कण्या पळत होत्या.

"हे किडे पाण्यात असतातच," त्या म्हणाल्या. "एकदा कातडीच्या आत शिरले की आवरत नाहीत. पाण्यातल्यांना मारता येतं. अंगात गेलेल्यांवर औषध नाही, भाऊ."

"पण मासे तर छान फिरत होते," साहेब म्हणाला.

"अंगाची आग होते, श्वास पुरत नाही, म्हणून वर येतात. मीसुद्धा गेल्या खेपेला बघून छानच म्हटलं होतं. हिरव्यात बरा मासाही फिरतो आणि हा आजारीही फिरतो."

काजव्याने विचारलं, "चार दिवस आधी कळलं असतं तर?"

डॉक्टरबाईंनी काच पुसली. "चौथीचं काही वेगळं झालं नसतं. पाचवीचं सांगता येत नाही."

चौथी आणि पाचवी यांना एकच गाळणी आहे. दोन्ही टाक्यांचं पाणी तिच्यातून फिरून परत येतं. भोंग्याने दुपारीच मधली झडप बंद करून पाचवीला वेगळं पाणी जोडलं होतं, पण तोवर जे पाणी इकडून तिकडे जायचं ते गेलेलं होतं.

एक गोष्ट करून पाहण्यासारखी होती. ज्यांच्या अंगावर जखम नाही असे मासे वेचून लहान टाकीत घालायचे. त्यातले काही तगले तर तगले, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. वेचायला पांढरा उजेड हवा होता. साहेबाने चौथीवर एक पांढरा दिवा टांगायला लावला आणि बटण दाबलं. वाढीचे सगळे महिने हिरव्या उजेडात काढलेल्या माशांनी पाण्याचा फेस केला. भिंतींवर थाड थाड आवाज येऊ लागला. काही मासे कठड्यावरून बाहेर येऊन पडले. काजव्याने कुणाला न विचारता दिवा बंद केला.

"लावा परत. दोन मिनिटांत सवय होईल त्यांना."

"साहेब, ज्यांच्यात ताकद आहे तेच जास्त आपटतायत. बरे कोण ते कळेपर्यंत बरा कुणी उरायचा नाही."

साहेबाने दिव्याची तार स्वतःच गुंडाळली.

मग हिरव्यातच प्रयत्न झाला. काजवा एकेक मासा उचलून कपाळावरच्या दिव्यासमोर धरत होता. प्रत्येकाच्या खालच्या बाजूला काहीतरी काळं होतं: जुना वण, गाळ, जखम. तिन्ही सारखीच काळी. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली लाल शाईने कागदावर मारलेली खूण दिसत नाही, हे त्याला तेव्हापासून माहीत होतं. इथे माहीत असून उपयोग नव्हता. माहितीने डाग लाल होत नाही.

शेवटी वहिनीला बोलावलं. तिने कापायच्या खोलीतलं एप्रन अंगावर तसंच ठेवून पॅसेजच्या दाराशी पाट मांडला. दाराच्या आत काजवा हिरव्यात, दाराबाहेर ती पांढऱ्यात. तो मासा बादलीत घालून दारातून पुढे सरकवायचा, ती उलटून पाहायची.

"खराब." बादली परत. "खराब." बादली परत. "हाही."

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हा बरा दिसतो."

"नक्की?"

"मला जे दिसतं ते सांगते. आत काय आहे ते मला कसं कळणार?"

भोंगा भरलेल्या बादल्या वाहून नेत होता. एरवी तो या दोघांना बघून काही ना काही बोलला असता. नवरा-बायकोमध्ये दार आहे म्हणून संसार टिकलाय, असलं काहीतरी. त्या दिवशी त्याने फक्त बादल्या वाहिल्या. संध्याकाळपर्यंत लहान टाकीचा तळ झाकेल इतके मासे निघाले नाहीत. जे निघाले त्यांच्यातल्या निम्म्यांच्या अंगावर दुसऱ्या दिवशी सकाळी चट्टे होते. वहिनीने ते पाहिले आणि पाट उचलून ठेवला.

साहेबाने पॅसेजमध्ये सगळ्यांना बोलावून सांगितलं की दुपारी लहान टाकीसकट चौथी रिकामी करायची. आवाज चढवला नाही, कुणावर खापर फोडलं नाही. त्याने फोडायला डोकं शोधलं असतं तर काजव्याला कदाचित सोपं गेलं असतं. साहेबाला एवढंच विचारायचं होतं की दिवे कोणते ठेवायचे.

"हिरवेच राहू देत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शांत राहतील."

सवयीने काजवा खाद्याचं घमेलं घेऊन चौथीकडे निघाला होता. भोंग्याने ते त्याच्या हातातून काढून पाचवीपाशी नेऊन ठेवलं. मग पाण्यात गुंगीचं औषध ओतलं गेलं. वर फिरणारे मासे हळू झाले, एकेक करून आडवे होत तळाला गेले. काही पालथे गेले, काही उलटे, पांढरी बाजू वर करून. त्यांच्यावरचे डाग हिरव्या उजेडात काळेच दिसत होते. काजवा कठड्याला टेकून शेवटपर्यंत उभा होता, पण त्याला करण्यासारखं काही नव्हतं. मासे जाळीने काढून पिंपांत भरले, पिंपं शेडच्या मागे नेली आणि मासे खड्ड्यात चुना टाकून पुरले. टाकी ब्रशने घासली, औषधाच्या पाण्याने धुतली आणि कोरडी पडायला सोडली.

त्या दिवशी कापायच्या खोलीत चौथीतलं काही आलं नाही. वहिनीने आपलं टेबल पुसलं, सुरी धुतली आणि नवऱ्याची वाट पाहत पॅसेजमध्ये उभी राहिली. तो आला तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अजून गुलाबी दिसतंय?"

"थोडं."

"मग बसा. नीट दिसायला लागलं की निघू."

तो बसला. भिंत पांढरी झाल्यावर तो उठला आणि दोघं घरी गेली. घरी नळ गळत होता. त्या संध्याकाळी तिने त्याचं नाव काढलं नाही.

पाचव्या टाकीचं काय होणार हे कुणालाच सांगता येत नाही. तिथले मासे फिरताहेत, पहिली मूठ संपवताहेत. आजवर तपासलेल्यांच्या अंगावर डाग नाही. पण डाग दिसेपर्यंत तो नसतो असं नाही, हे डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं आहे. तपासणी आता रोज करायची आहे. रोज पांढऱ्या उजेडात नेलेले मासे दिवसभर खाणार नाहीत आणि त्याला इलाज नाही. भोंग्याने खुर्ची दारापासून हलवून भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे आणि आपला चहा तो पंपापाशी उभ्याने पितो.

चौथीवरचे दिवे बंद करायचं मात्र राहून गेलं. दोन्ही टाक्यांचे दिवे एकाच तारेवर आहेत आणि ती वेगळी करायला वायरमन पुढच्या आठवड्यात येणार आहे. तोवर पाचवीला उजेड द्यायचा तर चौथीलाही द्यावा लागेल. उद्या सकाळी सहाला दोन्हींवरचे हिरवे दिवे चढायला लागतील. साडेसहापर्यंत कोरड्या टाकीचा तळ पुरता उजळलेला असेल.